आडवाटेच्या गाडीतील गिअर-गुणोत्तर आणि टायरचा व्यास

मोटारगाडीच्या सामर्थ्याविषयी बोलताना इंजिनाच्या अश्वशक्तीचा उल्लेख प्रथम होतो. रस्ता सोडून खडक, चिखल आणि तीव्र चढ-उतार यांतून जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा उल्लेख फारसा उपयोगी ठरत नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलिस एमबी जीपचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते. तरीही ही गाडी जेथे गेली तेथे तिच्यापेक्षा कितीतरी शक्तिमान मोटारी जाऊ शकल्या नसत्या. याचे कारण इंजिन आणि जमीन यांच्या मधल्या दातेरी चाकांत व टायरांत शोधावे लागते. ही दोन्ही निवड स्वतंत्रपणे करता येत नाही. बाजारात मोठ्या टायरांविषयी जे आकर्षण दिसते, त्यात नेमका याच गोष्टीचा विसर पडलेला असतो. प्रस्तुत लेखात जीप या एकाच कुळातील गाड्यांची उदाहरणे घेऊन हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

इंजिनाची गती चाकापर्यंत पोहोचताना तीन ठिकाणी कमी होते. पहिली घट गिअरबॉक्समध्ये, दुसरी ट्रान्सफर केसमध्ये (म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या पेटीत) आणि तिसरी अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियनमध्ये होते. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी पूर्ण होते तो आकडा होय. गती जितक्या पटीने घटते तितक्याच पटीने आघूर्ण, म्हणजेच कारखान्याच्या भाषेतील टॉर्क, वाढते. घर्षणात जाणारा अंश अर्थातच वजा करावा लागतो. विलिस एमबीमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५, ट्रान्सफर केसचे १.९७ आणि अ‍ॅक्सलचे ४.८८ होते. त्यांचा गुणाकार सुमारे २५.६ येतो.

युद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, याच कंपनीने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली. तिचे इंजिन जवळपास तेच होते, परंतु तिच्याकडून नांगर ओढण्याची अपेक्षा होती. म्हणून पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केस २.४३ आणि अ‍ॅक्सल ५.३८ असा बदल करण्यात आला. गुणाकार ३६.६ वर गेला. टायर मात्र जवळपास त्याच आकाराचे, सुमारे ७२ सेंटिमीटर व्यासाचे राहिले. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत संथ चालू आहे असे धरले, तर एमबी सर्वांत खालच्या गिअरमध्ये ताशी सुमारे ३.२ किलोमीटर वेगाने चालते आणि सीजे-२ए सुमारे २.२ किलोमीटर वेगाने. नांगरामागे चालणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे हे सांगावे लागत नाही.

या सोयीचे मोल सडकेवर द्यावे लागे. ५.३८ च्या अ‍ॅक्सलसह शेवटच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेग गाठला की इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते. ताशी ९० किलोमीटरला ही संख्या ३६०० च्या घरात जाते, आणि त्या इंजिनाची कमाल शक्ती ४००० फेऱ्यांना मिळत असे. भारतात महिंद्राने दीर्घकाळ बनवलेल्या गाड्यांचा मूळ नमुना असलेल्या सीजे-३बी मध्येही अमेरिकेत हेच ५.३८ चे गुणोत्तर होते. जुन्या पेट्रोल जीपमधून सडकेने प्रवास केलेल्यांना तो सततचा आवाज आठवत असेल.

आता टायरचा विचार करू. मोठा टायर लावण्याचे खरे कारण देखणेपणा नव्हे. गाडीखालचा सर्वांत बुटका भाग डिफरन्शिअलच्या गोळ्याचा असतो आणि तो खडकाला प्रथम लागतो. स्प्रिंग उंच केल्याने गाडीचे अंग वर जाते, तो गोळा जागीच राहतो. त्याला वर उचलण्याचा साधा उपाय म्हणजे टायरचा व्यास वाढवणे, आणि तेथेही व्यासाच्या वाढीच्या निम्मीच उंची पदरी पडते. शिवाय मोठे चाक खळग्यात कमी उतरते, आणि हवा कमी केल्यावर जमिनीशी त्याचा स्पर्श लांबट होऊन पकड वाढते.

२००७ मधील जीप रँग्लर रुबिकॉन ही गाडी उदाहरणादाखल घेता येईल. तिचा पहिला गिअर (हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्समध्ये) ४.४६, ट्रान्सफर केस ४ आणि अ‍ॅक्सल ४.१० आहे, गुणाकार ७३.१. मूळ टायर सुमारे ३२ इंच व्यासाचे. मालकाने त्या जागी ३५ इंची टायर लावले, तर गोळ्याखाली दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर, जागा वाढते. पण त्याच वेळी चाकाची प्रत्येक फेरी गाडीला नऊ टक्के अधिक पुढे नेते. जणू कोणी अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.१० वरून ३.७५ वर आणून ठेवले. मूळ स्थिती परत मिळवायची तर ४.१० ला ३५ ने गुणून ३२ ने भागावे, उत्तर ४.४८ येते. तयार मिळणाऱ्या जोड्यांत याला सर्वांत जवळची ४.५६ ची, आणि तिच्यानंतरची ४.८८ ची. शेवटच्या ०.८४ च्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला मूळ गाडीचे इंजिन सुमारे २२५० फेरे घेत असे, ४.५६ ने ते २२९० आणि ४.८८ ने २४५० होते. गणित ४.५६ कडे बोट दाखवते. तथापि नवा टायर व्यासाने मोठा तसाच वजनानेही जड असतो, त्याला फिरवण्यास अधिक जोर लागतो आणि उंचावलेल्या गाडीला वाराही अधिक अडवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणूनच येथे ४.८८ ची निवड अधिक समंजस आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एवढे मोठे गुणोत्तर खरोखर जोर वाढवण्यासाठी हवे असते काय? या रँग्लरच्या ३.८ लिटर इंजिनाचे कमाल आघूर्ण ३२१ न्यूटन-मीटर. त्याला ७३.१ ने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागले, तर घर्षण न धरता टायरपाशी सुमारे ५७,७०० न्यूटन बल मिळते. गाडीचे वजन सुमारे १९०० किलो. कोरड्या जमिनीवर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तरी टायर सुमारे १५,००० न्यूटनपलीकडे जमिनीला धरू शकत नाहीत. म्हणजे उपलब्ध बल पकडीच्या जवळजवळ चौपट आहे, आणि उरलेले केवळ चाक जागीच फिरवील. यावरून लक्षात येते की खडकावर मोठ्या गुणोत्तराचा मुख्य लाभ वेगाच्या नियंत्रणात आहे. क्लच न दाबता आणि इंजिन बंद न पडू देता एका दगडावरून दुसऱ्यावर टायर अलगद ठेवता यावा, उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनानेच गाडी धरून ठेवावी, यासाठी ते असते. ६०० फेऱ्यांना मूळ रुबिकॉन ताशी १.२६ किलोमीटर चालते, केवळ टायर बदलल्यास १.३७, आणि ४.८८ सह १.१५. वाळूत हा सारा हिशेब उलटतो. तेथे गाडी तरंगत ठेवण्यासाठी चाकांचा वेग हवा असतो आणि अतिशय संथ गिअर तिला रुतवतो. म्हणून गाडी कोणत्या भूमीवर जाणार हे ठरल्याखेरीज आकड्यांना अर्थ नाही.

गुणोत्तर वाढवण्यालाही मर्यादा आहे, आणि ती पिनियनच्या दातांत दिसते. ४.१० म्हणजे ४१ दातांचे क्राउन व १० दातांचे पिनियन, ४.५६ म्हणजे ४१ व ९, ४.८८ म्हणजे ३९ व ८, ५.३८ म्हणजे ४३ व ८. (या जोड्यांतील संख्यांना सामाईक विभाजक नसतो, हे गणिताच्या प्राध्यापकांच्या ध्यानी आलेच असेल. त्यामुळे प्रत्येक दात क्रमाने समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते.) क्राउनचा आकार अ‍ॅक्सलच्या पेटीने बांधलेला असल्याने गुणोत्तर वाढवणे म्हणजे पिनियन बारीक करणे. बारीक पिनियन आणि जड टायर यांच्या मध्ये एखादा खडक अचानक अडला, तर तुटण्याची पाळी बहुधा दातांवर येते.

ब्रेकच्या बाबतीत टायरचा व्यास थेट विरोधात जातो, आणि येथे गिअर काहीही भरून देत नाहीत. ब्रेकची चकती तीच, पण टायरची त्रिज्या वाढल्याने तेवढ्याच दाबाला जमिनीपाशी मिळणारे रोधक बल ३५ इंची टायरात सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते. वेगदर्शकाचे अंशांकन बदलले नाही आणि अ‍ॅक्सलही तसाच ठेवला, तर काटा १०० दाखवीत असताना गाडी १०९ ने धावत असते. भारतात तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून वाहन वेगळे पडेल असा बदल करण्यास मनाई आहे. हौशी मालकांनी हे कलम आधी वाचलेले बरे.

अखेरीस खर्चाचा मुद्दा. चारचाकी गतीच्या गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गुणोत्तराचे असावे लागतात. एकच बदलला, तर कोरड्या व घट्ट जमिनीवर पुढची व मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, मधला दांडा पिळवटला जातो आणि ट्रान्सफर केस निकामी होते. त्यामुळे ज्याने चार टायरांच्या किमतीचा हिशेब केला आहे, त्याने क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या, त्यांचे बेअरिंग आणि त्या अचूक बसवणाऱ्या कुशल कारागिराची मजुरी हेही टायरच्याच खर्चात धरावे.