माजघरांतील रेसकोर्स

रत्नागिरीस घोड्यांच्या शर्यतीचें मैदान नाहीं. मांडवीच्या धक्क्यापासून थिबा राजवाड्यापर्यंत आणि भाट्याच्या पुलापासून भगवतीच्या किल्ल्यापर्यंत सारें गांव पायाखालीं घातलें, तरी शर्यतीचा घोडा कोठें दृष्टीस पडावयाचा नाहीं. मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान येथून सुमारें साडेतीनशें किलोमीटर दूर. पूर्वीं कोणास ‘रेस खेळण्याची’ हौस आलीच, तर त्यास प्रवास करून मुंबई गांठावी लागे व प्रवेशाचे पैसे भरून मैदानांत शिरावें लागे. आज हा सारा खटाटोप हातांतील फोननें वांचविला आहे. रविवारीं दुपारीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत सतरंजी अंथरावी, भिंतीवरील पडद्यावर शर्यत लावावी आणि सहकुटुंब पैजा मारीत बसावें! काकांनीं घोड्यांच्या मागील कामगिरीचा तक्ता न्याहाळावा, वहिनींनीं नांव गोड वाटलें म्हणून एखादी घोडी निवडावी, मुलांनीं जॉकीच्या अंगरख्याचा रंग पाहून कौल द्यावा, आणि आजींनींही “माझे पन्नास लावा रे” म्हणून हौस पुरवून घ्यावी. पत्ते व सोंगट्या मागें पडल्या, त्यांच्या जागीं ही नवी करमणूक आली, एवढेंच याचें स्वरूप वरवर पाहणारास दिसेल. परंतु ज्या घरांत ही करमणूक पाऊल टाकूं पाहते, त्या घरानें तिचा हिशेब एकदां शांतपणें मांडून पाहावा हें बरें.

प्रथम घोड्यांवर अन्याय होऊं नये. शर्यतीचा घोडा हें सृष्टीच्या आणि मनुष्याच्या संयुक्त परिश्रमाचें एक अत्यंत देखणें फळ आहे. ज्यास थरोब्रेड म्हणतात त्या जातीची वंशावळ, इंग्लंडांत सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं नेलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जाऊन पोंचते. आपल्याकडील इंडियन डर्बी ही मानाची शर्यत १९४३ सालीं प्रथम झाली व ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली. २४०० मीटरांचें हें अंतर सुमारें अडीच मिनिटांत संपतें, आणि तेवढ्या अवधींत पाहणाराचा श्वास रोखला जातो यांत नवल नाहीं. शिवाय हॅंडिकॅपच्या शर्यतींत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन सर्वांस शक्य तितकें समान पातळीवर आणतात. त्यामुळें निकालाचें कुतूहल अखेरपर्यंत टिकतें. ही मौज पाहण्यास एक पैसाही लावावा लागत नाहीं, हें मात्र बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं.

आतां पैजेचा कारभार कसा चालतो तें पाहूं. पॅरिसमधील जोझेफ ओलेर नांवाच्या गृहस्थानें १८६७ च्या सुमारास एक युक्ति काढली. सर्वांच्या पैजांचे पैसे एका थैलींत जमा करावे, त्यांतून चालकाचा व सरकारचा भाग प्रथम काढून घ्यावा, आणि उरलेली रक्कम जिंकणारांत त्यांच्या त्यांच्या पैजेच्या प्रमाणांत वांटावी. हीच आजची ‘टोट’ पद्धति. हींत चालकाचें कधींही नुकसान होत नाहीं. कोणताही घोडा येवो, त्याचा वांटा आधींच बाजूला निघालेला असतो. म्हणजे टोटवर खेळणारा मनुष्य क्लबाविरुद्ध खेळत नसून आपल्यासारख्याच दुसऱ्या खेळाडूंविरुद्ध खेळत असतो, व दोघांच्याही खिशांतून कापलेला भाग तिसऱ्याकडे जात असतो.

हा कापलेला भाग आज केवढा झाला आहे, याची कल्पना फार थोड्यांस असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीच्या पैजेवरील वस्तु-सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला आहे, आणि तो क्लबाच्या नफ्यावर नसून पैजेच्या संपूर्ण दर्शनी रकमेवर आहे. १०० रुपयांच्या पैजेवर ४० रुपये कर, म्हणजे खेळणाराच्या खिशांतून १४० रुपये जावयाचे. थैलींत पडलेल्या १०० रुपयांतून क्लबानें समजा २० रुपये कापले, तर वांटणीस ८० उरतात. सारांश, १४० रुपये देऊन सरासरीनें ८० परत यावयाचे. एका दुपारीं आठ शर्यती याप्रमाणें खेळल्यास १,१२० रुपये जातात, ६४० येतात, व ४८० रुपयांचा खड्डा पडतो. आणि जो गृहस्थ “आलेलें तेंच पुन्हां लावूं” म्हणतो, त्याचा हिशेब तर याहून विलक्षण आहे. आरंभींचे १,००० रुपये पहिल्या शर्यतीनंतर सरासरीनें ५७१, दुसरीनंतर ३२७, चौथीनंतर १०७ आणि आठवीनंतर केवळ ११ उरतात! वाचकांनीं पेन्सिल घेऊन हा गुणाकार स्वतः करून पाहावा. त्यास उच्च गणिताची आवश्यकता नाहीं. यावर पुन्हां जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, व हरलेल्या पैशांची वजावट त्यांत मिळत नाहीं.

“परंतु यांत कौशल्य आहे” असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही १२ जानेवारी १९९६ रोजीं लक्ष्मणन् यांच्या खटल्यांत घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे, असा निर्णय दिला. मात्र कौशल्यानें थैली वाढत नाहीं. ती कोणाच्या वांट्यास किती येईल एवढेंच बदलतें. ज्यास नफा हवा त्यानें इतर खेळाडूंहून किंचित् शहाणें असून भागत नाहीं. कर व दस्तुरी भरून निघेल इतकें शहाणें असावें लागतें. अंगरख्याच्या रंगावरून कौल देणाऱ्या मुलाची व नांवावर भाळणाऱ्या वहिनींची गांठ जन्मभर तबेल्यांत वावरलेल्या माणसांशीं आहे, हें विसरतां कामा नये.

या बाबतींत महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान पुन्हां वाचण्यासारखें आहे. द्यूतांत राज्य हरलेला नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन राहिला होता. विदर्भाकडे रथ धांवत असतां ऋतुपर्णानें वाटेंतील बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या दृष्टीनें मोजून सांगितलीं. नलानें रथ थांबवून तीं पडताळून पाहिलीं, तों संख्या बरोबर! तेव्हां नलानें आपलें अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची विद्या, त्यास देऊं केली व मोबदल्यांत अक्षहृदय, म्हणजे फांशांची व गणनेची विद्या, घेतली. ती मिळतांच त्याच्या शरीरांतील कलि बाहेर पडून त्या बेहड्यांत शिरला. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, घोड्यांचें ज्ञान नलापाशीं प्रथमपासूनच होतें. त्यानें त्याचें राज्य वांचलें नाहीं. त्यास उणीव होती ती मोजणीच्या ज्ञानाची. आजचा रेसवाला घोड्याचें कूळ, जॉकी, जमीन व वजन यांचा अभ्यास रात्रभर करतो, परंतु १४० चे ८० होतात हा साधा गुणाकार करीत नाहीं.

पूर्वींच्या लोकांस द्यूताचा मोह ठाऊक नव्हता असें नव्हे. म्हणूनच त्यांनीं त्यास कुंपणें घातलीं. दिवाळींतील बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेंही नांव आहे. वर्षांतला तो एक दिवस या खेळास मोकळा. कायद्यानेंही असेंच कुंपण घातलें. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यांत घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेस जी सूट ठेविली गेली, ती शर्यतीच्याच दिवशीं व मैदानावरील राखून ठेवलेल्या आवारांत लावलेल्या पैजेपुरती. आणि १९१२ च्या कायद्यानें मैदानासच परवाना आवश्यक केला. स्थळ ठरलेलें, दिवस ठरलेला. यांखेरीज कायद्यांत न लिहिलेलीं दोन कुंपणें होतीं. खिशांतील रोकड संपली कीं खेळ संपे. आणि दोन शर्यतींच्या मध्यें सुमारें अर्ध्या तासाचा अवकाश असे, त्यांत डोकें थोडें निवत असे.

फोनच्या पडद्यावर या चारही कुंपणांची वाट लागते. स्थळ म्हणावें तर माजघर. दिवस म्हणावा तर मुंबईचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, पुण्याचा पावसाळ्यांत, आणि मध्यें बंगळूर, हैदराबाद, कलकत्ता आहेतच. अर्ध्या तासाची विश्रांति दुसऱ्या शहराच्या शर्यतीनें भरून निघते. आणि रोकड तर डोळ्यांस दिसतच नाहीं. बोट टेकवितांच पेढींतील शिल्लक जाते. गंमत अशी कीं, महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकीं १२० एकर जागा उद्यानासाठीं महापालिकेकडे देण्याचें २०२४ सालीं ठरलें. मुंबईंत मैदान आकुंचित होत असतां घरोघरीं तें पसरत आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें जो कायदा केला, त्यांत कौशल्याचा खेळ व दैवाचा खेळ हा भेदच बाजूस ठेविला, यावरून या कुंपण मोडण्याची धास्ती किती वाढली आहे तें दिसून येईल. शर्यतीच्या पैजेचा परवाना कोणास, कोठें व कोणत्या अटींवर आहे हें पाहिल्यावांचून पैसे पाठविणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं तिजोरीची किल्ली देणें होय.

“आम्ही चोरून खेळत नाहीं, सारें घर एकत्र बसून खेळतों, मग त्यांत वाईट तें काय?” असा प्रश्न सरळ मनानें विचारणारे लोक आहेत. एकत्र बसणें ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि कौरवपांडवांचें द्यूत कांहीं गुत्त्यांत झालें नव्हतें. तें राजसभेंत, आप्तांच्या मेळ्यांत, वडील मंडळींच्या डोळ्यांदेखत झालें. विदुरानें निषेध केला तरी तें थांबलें नाहीं. आप्तांच्या उपस्थितीनें खेळ निर्दोष झाला नाहीं. उलट उठून जाणें अधिक अवघड झालें. घरांतही हेंच घडतें. हरलेला काका भाच्यासमोर माघार घेण्यास लाजतो. बारा वर्षांच्या मुलाची पहिली पैज जिंकली, तर त्यास ती आपली बुद्धि वाटते. आणि त्या दिवशीं सर्वांनीं टाळ्या वाजविलेल्या असतात. पुढें तोच मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जातो, तेव्हां माजघर मागें राहतें, फोन मात्र बरोबर जातो.

धोका पत्करणें हें कोंकणास नवें नाहीं. हापूसच्या बागाइताइतका जोखमीचा धंदा दुसरा कोणता? थंडी पडली नाहीं तर मोहोर येत नाहीं, आलेला मोहोर अवकाळी पावसानें काळा पडतो, तुडतुड्यानें जातो. मुंबईच्या शर्यतींचा जो मोसम तोच कलमांच्या काळजीचा मोसम. परंतु बागाइतदार खत घालतो, फवारणी करतो, राखण करतो. त्याच्या श्रमानें फळ वाढतें, आणि पीक बुडालें तरी कलम उभें राहतें. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर ज्या जिल्ह्यानें पिढ्यान् पिढ्या मुलें शिकविलीं, त्यास पैशाचें मोल पुन्हां शिकवावयास नको. हा नाद एखाद्यास जडलाच असेल, तर त्यास दोष देत बसण्यापेक्षां वैद्यकीय साहाय्य द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें जुगाराच्या विकृतीची गणना रोगांत केली आहे, व सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा सल्ल्यासाठीं मोफत उपलब्ध आहे.

ज्यांस शर्यत सहकुटुंब पाहावयाचीच आहे त्यांच्यासाठीं एक खेळ सुचवितों. फाल्गुन-चैत्रांत आपल्याकडे काजूच्या बियांस तोटा नसतो, आणि बिया लावून खेळणें मुलांच्या परिचयाचें असतें. चौघांनीं प्रत्येकीं ५० बिया घेऊन बसावें व एकेक घोडा निवडावा. दर शर्यतीस प्रत्येकानें ७ बिया मध्यें ठेवाव्या. जमलेल्या २८ बियांपैकीं ८ ‘करा’च्या वाटींत व ४ ‘क्लबा’च्या वाटींत टाकाव्या, आणि ज्याचा घोडा इतर तिघांच्या पुढें येईल त्यास उरलेल्या १६ द्याव्या. वर सांगितलेल्या १४० व ८० रुपयांचेंच हें प्रमाण आहे. आठ शर्यती संपल्यावर दोन्ही वाट्या मोजाव्या. त्यांत ९६ बिया असतील व साऱ्या घरापाशीं मिळून १०४ उरतील, मग कोणीही जिंकलेला असो. ज्यास एकदांही यश आलें नाहीं, त्याजपाशीं सातव्या शर्यतीनंतर एकच बी राहील, आणि आठव्या शर्यतीसाठीं तो शेजारीं बसलेल्या बहिणीपाशीं सहा बिया उसन्या मागेल. त्या मागतांना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतें, तें वडील मंडळींनीं लक्षपूर्वक पाहावें; आणि मग बिया भाजून सर्वांनीं वांटून खाव्या.