सामता व गिरमिट

लाकडात गोल भोके पाडण्यासाठी सुतार हाताने फिरवितात ती हत्यारे. विजेवर चालणाऱ्या ड्रिलच्या प्रसारामुळे ती मागे पडली असली, तरी त्यांचा उपयोग संपलेला नाही.

सामत्याची रचना साधी असते. लाकडी उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पोलादी पाते बसविलेले असते. दांड्याभोवती कमानीच्या दोरीचा किंवा वादीचा एक वेढा देऊन कमान पुढे-मागे ओढतात व वरचे सैल टोपण तळहाताने दाबून धरतात. पाते आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरत असल्याने त्याला दोन्ही बाजूंनी धार लावावी लागते. भोक लहानच पडते. हे हत्यार फार प्राचीन असून ईजिप्तमधील रेखमिरे याच्या थडग्यातील चित्रांत (इ. स. पू. पंधरावे शतक) ते वापरणारे सुतार दाखविले आहेत. मोठ्या भोकांसाठी आडव्या मुठीचे गिरमिट वापरतात.

एकाच दिशेने सलग फिरणारा ब्रेस यूरोपात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्रांत दिसतो. त्याचे आधुनिक सर्पिल पाते रसेल जेनिंग्ज यांच्या १८५५ मधील अमेरिकन एकस्वाशी निगडित आहे. पात्याच्या टोकावरील मळसूत्र लाकडात शिरून पात्यास आत ओढते. कडेची दोन अणकुचीदार टोके भोकाचा परीघ कापतात आणि त्यांमागील आडव्या धारा आतील लाकूड तासून वर काढतात.

भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या (ता. पवनी) धानपट्ट्यातील गावांत अशा हत्यारांचा मुख्य संबंध शेतीच्या अवजारांशी होता. जुवातील शिवळांची भोके हे त्याचे चांगले उदाहरण होय. शिवळ घट्ट बसावी, पण जनावर सोडताना सहज निघावी लागते. भोक तिरके गेल्यास ती बैलाच्या मानेला घासते; चूक सुताराची, त्रास मात्र मुक्या जनावराला. हाताने हळू फिरणाऱ्या पात्याचा कल काम चालू असतानाच दिसतो व सुधारता येतो. शिवाय वीज नसलेल्या बांधावरही दुरुस्ती होऊ शकते. ट्रॅक्टर आल्यावर हे काम पुष्कळच घटले.

जुने पाते नीट चालत नाही, याचे कारण बहुधा चुकीची धार हे असते. कडेची टोके फक्त आतल्या बाजूने कानशीने घासावीत. बाहेरून घासल्यास त्यांचा व्यास कमी होतो आणि मागचे पाते भोकात अडकते. आडव्या धारा वरच्या, म्हणजे मुठीकडील, बाजूने घासतात. भोक आरपार पाडताना मळसूत्राचे टोक पलीकडे दिसताच थांबून फळी उलटावी व उरलेले भोक त्या बाजूने पाडावे, म्हणजे लाकडाच्या ढलप्या निघत नाहीत.

ब्रेसच्या पात्याचा मागचा भाग चौकोनी व निमुळता असल्याने ड्रिलच्या तीन जबड्यांच्या पकडीत तो नीट बसत नाही. तो कापून पाते ड्रिलला लावण्याचा प्रकार कित्येकजण करतात. त्यामुळे पाते ब्रेससाठी कायमचे निकामी होतेच, पण वेगाने फिरणारे मळसूत्र लाकडात एकदम ओढले जाऊन मनगटाला जोराचा हिसकाही बसतो. गंज चढलेली पाती घासलेटात भिजवून साफ करता येतात; लाकडी मुठींना जवसाचे तेल चोळतात.