तेलात पाणी

सकाळी साडेसहा. मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलरची इंजिनं खोलायला हेच दोन महिने. आजचं इंजिन सहा सिलिंडरचं जुनं लेलँड. रात्रभर बंद होतं, त्यामुळे तेलाच्या चेंबरचं बूच सैल करताच आधी पाणी आलं. पाणी जड, तळाला बसतं. मागून दुधाळ तेल.

‘हेडची पॅकिंग गेली, मिस्त्री,’ तांडेल म्हणाले. बंदरावर पहिला संशय पॅकिंगवरच. मी विचारलं, ‘टाकीतलं गोडं पाणी कमी होतं?’

‘नाही.’

‘बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यावर तवंग येतो?’

‘इंजिन चालू असताना येतो.’

आठ. गोडं पाणी कमी होत नाही, तवंग खाऱ्या पाण्यावर; म्हणजे पॅकिंग नव्हे. म्हणून आधी खाऱ्या पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर उतरवला. तेलाची तोंडं बंद करून हवा भरली, पाण्यात बुडवला. कडेच्या एका नळीतून बुडबुडे. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल समुद्रात. बंद झालं की दाब जातो आणि पाण्याच्या पातळीखालच्या कूलरमधून खारं पाणी तेलात. जस्ताची कांडी असते तिथे नुसतं पितळी बूच उरलं होतं. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं, म्हणून नळ्या वाचतात. ते संपलं की पाळी नळ्यांची.

दहा. कूलर सापडला म्हणून भागत नाही, खारं पाणी बेअरिंगपर्यंत फिरलंय. होडीत चेंबर खाली उतरवायला जागा नाही, सबंध इंजिनच वर घ्यायचं. शाफ्टच्या कपलिंगवर पंचने खूण केली, मगच बोल्ट काढले. चेन-कप्पीने इंजिन वर येईपर्यंत जेवणवेळ झाली.

दोन. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल केले. घाईत हेड वाकतं. मग इंजिन उलटं. हाताखालचा पोरगा कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकाच घमेल्यात टाकू लागला. त्याला थांबवलं. टोपी नि रॉड जोडूनच बोअर केलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला बसवली तर भोक गोल राहत नाही.

‘नंबर बघ, मग जोडीला जोड लाव.’

‘होय काका.’

चौथ्या रॉडचं बेअरिंग डिझेलने पुसून उजेडात धरलं. वरचा करडा थर गेलेला, खालचं तांबं उघडं. क्रँकच्या त्याच जागी गंजाचे बारीक खड्डे, नखाला लागतात. हे इंजिन असंच समुद्रात गेलं असतं तर तिथेच जाम झालं असतं, आणि बंद नौकेत खलाशी वाऱ्याच्या हवाली. ते मला पाहवत नाही.

साडेपाच. मायक्रोमीटर लावला, क्रँक दहा थाऊने (इंचाच्या दहा सहस्रांशांनी) घासून भागेल, बेअरिंग त्या मापाची. क्रँकला तेल फासून, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढवला. कूलरच्या नळ्यांचा अख्खा जुडगा नवा घालायचा. एकच नळी बुजवून हंगाम काढणं मला मंजूर नाही.

‘जस्त कधी बदलायचं?’ तांडेलांनी विचारलं.

‘अर्धं झिजलं की. दर महिन्याला बूच काढून बघा.’