म्हातारा कुत्रा

आमचा मोत्या बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याने जिना चढणे सोडले. शेजारी म्हणाले, "वय झालं हो, चालायचंच!" मीही मान डोलावली. पुढे गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या मागच्या पायांचे सांधे चाचपून पाहिले, तेव्हा कळले की तो इतके दिवस दुखणे सोसत होता.

श्रोतेहो, सांगायचे ते हेच. म्हातारपण हा काही रोग नव्हे. पण त्याच्या आडोशाला रोग दडून बसतात. मोठ्या चणीचा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षीच उताराला लागतो, लहान चणीचा त्याहून उशिरा. दुखत असले तरी कुत्रा सहसा ओरडत नाही. तो उठायला वेळ लावतो, फरशीवर घसरतो, दुखरा सांधा चाटत बसतो. अशा वेळी त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरावे, निजायला जाड घोंगडी द्यावी. फिरणे बंद करू नये, थोडे थोडे करावे. आणि वजन वाढू देऊ नये. तो एकाएकी फार पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. पाणी तोडू नका, डॉक्टरांकडे न्या. एरवीही दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.

आणखी एक. माणसांच्या अंगदुखीची गोळी त्याला आपल्या मनाने कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मोत्याला औषध लागू पडले. जिना मात्र तो पुन्हा चढला नाही. मीच माझे अंथरूण खाली आणले.