रक्ततपासणीचा कागद कसा वाचावा?

रविवारच्या मिस्सानंतर कधी कधी एखादी माउली रक्ततपासणीचा कागद पुढे करून विचारते, "फादर, हा आकडा ठळक छापला आहे, काही भयंकर तर नाही ना?" मी डॉक्टर नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावे. तथापि तो कागद कसा वाचावा, एवढे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हिताचे आहे.

आपल्या आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती निरोगी माणसांच्या तपासणीवरून ठरविलेली असते. सामान्यतः त्यांतील मधल्या शेकडा ९५ जणांचे आकडे तीत बसतात. उरलेले ५ जण निरोगी असूनही बाहेर पडतात. शिवाय ही मर्यादा पुरुषाची, स्त्रीची की बालकाची, हे पाहणे अगत्याचे असते.

हिमोग्लोबिनचेच उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय होय. गरोदर नसलेल्या स्त्रीस हेच माप १२ आहे. गरोदरपणी रक्तातील पातळ भाग वाढतो, म्हणून पहिल्या व शेवटच्या तीन महिन्यांत ते ११ धरतात. अर्थात १२.४ हा आकडा पत्नीच्या कागदावर चिंतेचा नसला, तरी पतीच्या कागदावर रक्तक्षय दाखवितो. त्याचे कारण शोधलेच पाहिजे. मात्र "बाईमाणसाचे रक्त कमीच असावयाचे" असे म्हणून ९ किंवा १० वर आलेल्या सुनेकडे दुर्लक्ष करणे, हे शास्त्रही नव्हे आणि ख्रिस्ती प्रीतीही नव्हे.

वाढत्या मुलांच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हा घटक प्रौढांहून पुष्कळ अधिक असतो, कारण त्यांची हाडे वाढत असतात. प्रौढांची मर्यादा लावल्यास निरोगी मूल आजारी ठरेल. वृद्धांच्या बाबतीत उलट फसगत संभवते. क्रिएटिनिन हा घटक स्नायूंपासून उत्पन्न होतो व मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. कृश आजीबाईचे स्नायूच थोडे. म्हणून मूत्रपिंडे दुबळी झाली असताही तिचा आकडा मर्यादेत दिसू शकतो. यास्तव डॉक्टर वय व लिंग हिशेबात धरून मूत्रपिंडांच्या कार्याचा अंदाज काढतात.

म्हणून कागद हाती येताच नाव, वय व लिंग बरोबर लिहिले आहे की नाही ते पाहावे. गरोदरपण व चालू औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत. शेजाऱ्याच्या कागदाशी आपला कागद ताडून पाहू नये. ठळक आकड्याने घाबरू नये. तसेच आकडा मर्यादेत आहे म्हणून अंगातील थकवा वा सूज अंगावर काढू नये.

प्रभूच्या दृष्टान्तातील धन्याने आपल्या दासांना ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे धन सोपविले व त्याच मानाने हिशेब घेतला. घरातील लेकरू, गरोदर सून व वृद्ध आजी ह्यांना एकाच मापाने न मोजता प्रत्येकाची यथायोग्य काळजी घेणे, हे आपले कर्तव्य आहे.