बाहुल्यांची शाळा : 'सेसमी स्ट्रीट'ची वाटचाल

शाळेत जाण्यापूर्वीच मागे पडणाऱ्या गरीब बालकांना अक्षरे व अंक शिकविण्यासाठी अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. माणसे व बाहुल्या एकत्र दाखवू नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. परंतु पूर्वचाचणीत बाहुल्यांविना मुलांचे लक्ष ढळले. म्हणून 'बिग बर्ड' माणसांत वावरू लागला.

दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये निवर्तले. १९८३ मध्ये कार्यक्रमाने मुलांना मृत्यूचा अर्थ सरळ शब्दांत सांगितला. २०१६ मध्ये तासाचा भाग अर्ध्या तासाचा झाला. २०१७ मध्ये स्वमग्न 'ज्युलिया' ही बाहुली दूरचित्रवाणीवर आली.

मुलाचे लक्ष कोठे ढळते हे पाहून पाठ बदलावा, हा धडा अंगणवाडीलाही उपयुक्त आहे.