परसातल्या कोंबड्यांचे त्वचारोग : ओळख आणि उपाय

मोहगाव परिसरात आपल्या ज्या घरी चार-सहा कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. कातडीचे नेहमीचे त्रास तीन. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

देवी : तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड येतात व खपल्या धरतात. हा विषाणू डासांमुळे पसरतो; त्यावर औषध नाही. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी, खपल्या ओढू नयेत, गळलेल्या खपल्या जाळाव्यात. तोंडात पिवळट थर दिसला तर कोंबडी खाऊ शकत नाही, श्वासही कोंडतो. लगेच पशुवैद्यकाला दाखवावे. खरा बचाव लसीचाच. पिल्ले 6 ते 8 आठवड्यांची झाली की लस टोचून घ्यावी. माणसाला हा रोग होत नाही.

पायाची खरूज : बारीक किड्यांमुळे पायाचे खवले उचलतात, पाय जाड व खरबरीत होतात. कोमट साबणाच्या पाण्याने पाय धुवून कोरडे करावेत आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे लावावे. खवले उपटू नयेत.

उवा : शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पाहावे. पशुवैद्यकाने दिलेली भुकटी लावावी. लिखांतून नव्या उवा निघतात, म्हणून 10 दिवसांनी ती पुन्हा लावावी. लोळायला कोरडी माती व राख ठेवावी, खुराड्याच्या फटीही साफ कराव्यात.

एक कळकळीची विनंती : कपाशी-संत्र्यावर फवारायचे औषध कोंबडीवर कधीही टाकू नका. कोंबडी दगावते, आणि वाचलीच तर ते विष अंड्यातून आपल्याच लेकरांच्या ताटात येऊ शकते.